केस नसलेले दिगंबरकाका

"आंटी, किधर दुखता?" डॉक्टरकी शिकणाऱ्या लावण्यानं माझ्या बायकोला विचारलं आणि उत्तर मी दिलं.

"गुडघा. उजवा."

दुखत होता डावा.

"गुडघा तुमचा आहे का हो?" समोरच्या खुर्चीतून दिगंबरकाका कडाडले. "नाही ना? मग चूप बैठो!"

माझ्याच घरात, माझ्याच चहाचा कप हातात धरून!

दिगंबरकाका नल्लकुंट्यातले आमचे शेजारी. सरकारी नोकरीतून रिटायर झाले आणि पेशंट म्हणून रुजू झाले. आजारी माणसाशी कसं बोलावं, हे आजारी माणसानंच शिकवावं, असं एका मेडिकल कॉलेजानं ठरवलं. काकांना दमा आहे, आणि संताप जन्मापासून आहे. लगेच बोलावणं आलं.

पहिल्याच दिवशी प्राध्यापक पोरांना म्हणाले, "ही आजची केस." काकांनी टोपी काढून तुळतुळीत डोकं पुढं केलं. "केस? एक तरी दिसतो का?" तेलुगू पोरांना काही कळेना. काकांनी विनोद तीन भाषांत समजावला, तिन्ही वेळा ओरडून. "नाव आहे मला! पहले नाम पूछो, फिर नाडी पकडो!"

उभ्या उभ्या विचारपूस केलेली त्यांना खपत नाही. "मलकपेठच्या रेसचा घोडा आहे का मी, दात बघून निघालात? बैठो!" एकानं थंडगार स्टेथोस्कोप छातीला टेकवला, तर काकांनी तो त्याला आधी स्वतःच्या पोटाला लावायला लावला.

यंदा कॉलेजानं पोरांना वस्तीत घरोघर धाडलं, म्हणून काकांनी माझ्या बायकोला, सुमनला, पेशंट म्हणून परस्पर भरती करून टाकलं. मला मात्र भर सभेत गप्प केलं.

लावण्या गेल्यावर मी उसळलो. "काका, परक्या पोरीसमोर असं बोलता? नवरा आहे मी. काळजीपोटी बोललो."

"मीपण काळजीपोटीच बोललो होतो!" काका इतके ओरडले की त्यांना धाप लागली. "डॉक्टरनं हिला विचारलं, काय होतंय? ही तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, गॅस आहे, नेहमीचंच. त्या गाढवानं तेच लिहिलं. पुन्हा हिला विचारलंसुद्धा नाही!"

'ही' म्हणजे काकू. त्याच रात्री गेल्या, हृदयविकारानं.

काका चपला शोधू लागले. पायातच होत्या. "काय सांगणार होती," ते हळूच म्हणाले, "ते राहूनच गेलं बघा."

संध्याकाळी मी सुमनसमोर बसलो. बसूनच विचारलं. डाव्या गुडघ्यापासून सुरू झालेली हकिगत खांद्यावरून माझ्या बहिणीपर्यंत पोचली. मी मध्ये बोललो नाही. फार जड गेलं.

ताटं घेताना तिनं विचारलं, "काका जेवले असतील का हो?"

"जेवले असतील," मी म्हणालो.

"झालं! परत दुसऱ्याचं उत्तर तुम्हीच दिलंत," सुमन म्हणाली. "उठा, त्यांना जाऊन विचारा. आणि बसून विचारा."