माझ्या घशाचं सल्लागार मंडळ

गप्प पडलेल्या माणसाच्या वतीनं बोलायला साऱ्या जगाला कंठ फुटतो. आमच्या धाकट्या जावेला जरा जास्तच फुटतो.

माझं पित्ताशय काढलं. भुलीच्या वेळी घशात नळी घातली होती, तिनं घसा खरवडला आणि आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, "कोमट पाणी प्या, बोलू नका. तीन-चार दिवसांत आपोआप बरं होईल." इतका सोपा उपाय आमच्या घराला पटेल होय?

संध्याकाळपर्यंत खाटेभोवती मंडळ भरलं. अध्यक्ष: धाकटी जाऊ (सगळं एकत्र उकळून). सदस्य: नणंद (ज्येष्ठमध), विहीणबाई (आलं-मध), शेजारीण (लवंग) आणि जावई (कशावरच विश्वास नाही, पण हजर). पोटाला चार टाके होते, त्यांची विचारपूस शून्य. (टाक्यांना काढा पाजता येत नाही, मग त्यात कुणाला काय गोडी?)

काढा संपला की इतर कामकाज. दुसऱ्या दिवशी ठराव आला: माझी खिडकीची खोली जावेच्या शिवणाच्या मशीनला द्यावी आणि मला जिन्याखाली हलवावं. मी जोरात मान हलवली.

"ताई, मान नका हलवू, टाके ओढतील," जावेनं दटावलं.

पाटी मागून घेतली आणि ‘नाही’ लिहिलं. (एवढ्याला शाळा लागत नाही.)

"आलं नको म्हणतायत! ज्येष्ठमध आणा गं," जाऊ म्हणाली. "आणि खोलीबद्दल काही बोलल्या नाहीत, म्हणजे हो. ठरलं!"

तीन दिवसांत काढा झाला एकोणीस पेले. माझ्या घशाखाली अडीच उतरले. बाकीचे मंडळानं रिचवले, बोलून बोलून कोरड पडत होती ना.

चौथ्या दिवशी मशीन दारात आलं आणि माझा आवाजही आला, डॉक्टर म्हणाले तसा, आपोआप. (श्रेय पाचही जणांनी घेतलं, जावयांनीसुद्धा.) जावेचा घसा मात्र तीन दिवसांच्या अध्यक्षपदानं असा बसला, की तोंडातून नुसती हवा.

(वाचणाऱ्या शहाण्यांनो, तिच्यासाठी तुमच्याही जिभेवर एक खात्रीचा उपाय आलाय, ठाऊक आहे मला. गिळा तो.)

ती मशीनकडे बोट दाखवून हातवारे करत होती. मी उठून बसले, तिच्या हातात ज्येष्ठमधाची कांडी ठेवली आणि म्हणाले, "चघळ, बाई. आणि मान नको हलवूस, दुखेल. मशीन तुझ्या खोलीत परत जाईल, ही खोली माझीच राहील. काही म्हणणं आहे तुझं? ... नाही ना? मग ठरलं!"