टोपल्याखालची पॉपी

दारावर थाप पडली की वामनकाका आतून आधी नाव विचारतात, मग वडिलांचं नाव, मग गाव. मी त्यांची शेजारीण. देऊळघाटच्या शाळेत शिकवते, नऊ वर्षं भिंतीला भिंत लागून राहते. तरी मलाही वडिलांचं नाव सांगावं लागतं. "आवाज काढता येते, बाई, लोकाईले," असं त्यांचं म्हणणं.

काका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. एकतीस वर्षं नोकरी केली आणि एकतीस वर्षं बैलाला भ्याले. औषध पाजायची वेळ आली की नळी मालकाच्या हाती देऊन स्वतः खिडकीबाहेरून सूचना करत. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. कशालाही त्यांचं उत्तर एकच : "लफडं होईन." रेशनकार्डावरचा पत्ता दुरुस्त करायचा म्हटलं, लफडं होईन. मोबाईल बदला म्हटलं, लफडं होईन.

दिवाळीनंतर त्यांना नाशिकहून एक पाकीट आलं. त्यांची एकुलती मुलगी सुषमा तिथे असते. आत फुलांच्या बियांची पुडी आणि दोन ओळींची चिठ्ठी : 'बाबा, ही पॉपी आहे. थंडीत पेरा. आईला लाल फुलं आवडायची.'

काका खूश होऊन दाढी करायला गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले.

"बाई, न्हावी म्हणते, पॉपी म्हंजे अफू! सरकार धरते म्हणते!"

"अहो, अफूचं झाड त्या कुळातलं खरं, पण हे बागेतलं फुलझाड असेल."

"असेल? म्हंजे तुमाले बी पक्कं नाही!"

"मग टाकून द्या."

काकांनी पुडी परत खिशात घातली. "पोरीनं पाठवलं, बाई. टाकू कसं?"

मग त्यांनी तेलाचे चार डबे कापले, माती भरली आणि मधल्या खोलीत बी पेरलं. खिडकीला चादर ठोकली. उजेडासाठी दिवसभर ट्यूबलाइट. रोपं उगवली, पण शेवयांसारखी! पांढुरकी, लांबुडकी, एकमेकांच्या अंगावर कललेली. काका त्यांना झाडूच्या काड्यांचा आधार देत आणि पाणी चमच्याने पाजत.

न्हाव्याचं ऐकून घाबरल्या घाईत अर्धी पुडी त्यांनी मोरीमागे झटकली होती. तिथे कोणी ढुंकून पाहिलं नाही. ऊन मिळालं, रात्रीचं दव मिळालं, आणि नऊ रोपं अशी तरारली की रस्त्यावरून दिसायला लागली.

"आतले मरून राह्यले अन् बाहेरचे मले मारून राह्यले," काका म्हणाले.

उपटवत नव्हतं आणि राहू देववत नव्हतं. शेवटी त्यांनी बाजारातून मोठं टोपलं आणलं. रस्त्यावर पावलं वाजली की धावत जाऊन रोपांवर पालथं घालायचं, पावलं गेली की काढायचं. दूधवाला, पोस्टमन, शेळ्या, सगळ्यांसाठी टोपलं. दिवसातून चाळीस वेळा धावून त्यांचं सुटलेलं पोट आत गेलं.

एक दिवस खाकीतला जमादार गल्लीत आला. पलीकडच्या घरी पासपोर्टची चौकशी होती. पत्ता विचारायला तो नेमका काकांकडे वळला आणि दमलेला असल्यामुळे मोरीमागच्या टोपल्यावरच टेकायला लागला. "बसू नका!" काका ओरडले. जमादार दचकून उभा राहिला. "विंचू हाये खाली," काका कसेबसे म्हणाले. तो गेला. काकांना त्या दुपारी ताप भरला, तो दोन दिवस उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. इस्त्रीचा शर्ट, बगलेत शालीत गुंडाळलेलं काहीतरी.

"बाई, रविवार हाये ना? बुलढाण्याले चला माह्यासंग. ठाण्यात."

शालीत मोरीमागचं एक रोप होतं, मुळाच्या मातीसकट.

ऑटोत त्यांनी शाल दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. ठाण्याच्या पायरीवर ते तीनदा थांबले. आत गेल्यावर साहेबांच्या टेबलावर रोप ठेवलं आणि एका दमात बोलले, "साहेब, हे अफू हाये का पाहा. असंन तर मले धरा. बी म्या आणलं, आठवडी बाजारातून, माह्या मनानं. पोरीचा काही संबंध नाही. मले पोरगीच नाही."



साहेबांनी पानांचा फोटो कृषी खात्यातल्या ओळखीच्या माणसाला पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं : देठावर लव आहे, पानं कातरलेली आहेत, हे शोभेचं फुलझाड. अफूचं पान गुळगुळीत, राखाडी असतं. साहेब हसले. "काका, अंगणात लावा बिनधास्त. झाकून नाही जगत हे."

परतीच्या ऑटोत काकांनी रोप पुन्हा शालीत गुंडाळलं.

"मुलगी नाही म्हणालात?" मी विचारलं.

"पाकिटावर तिचं नाव होतं ना, बाई. तिले धरलं असतं तं?" मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "चार वर्सं झाले, तिनं दुसऱ्या समाजातल्या पोराशी लग्न केलं. रजिस्टर हापिसातून फोन लावला मले, बाबा या म्हणे. लोकं काय म्हणतीन म्हून मी भेलो. नाही गेलो. तवापासून बोलणं नाही. हे पाकीट पयलं."

"आज नाही भ्यालात?"

"भेलो ना. लई भेलो. पण गेलो."

फेब्रुवारीच्या शेवटी मोरीमागे लालभडक फुलं आली. कागदासारख्या पातळ पाकळ्या, वाऱ्यावर थरथरणाऱ्या. त्याच आठवड्यात काका पिशवी घेऊन माझ्याकडे आले.

"नाशिकले जातो, बाई."

"सुषमाला कळवलंत?"

"नाही. फोन लावाचं भेव वाटते. काय बोलू? सरळ जातो." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "फुलाईले पाणी घालजा. फक्त उद्याचा दिवस. तिनं घरात नाही घेतलं, तं मी परवा सकाळी वापस येतोच."

मी अकरा दिवस पाणी घातलं.