स्वयंपाकघरात संपणारा रस्ता

निवृत्त होऊन चार महिने झाल्यावर त्रुटीसाहेबांनी एक लहानसा निर्णय घेतला. नगरपालिकेत जाऊन शहराचा नवा विकास आराखडा बघून यायचा. हरकत घ्यायला नव्हे, चुका काढायला.

नगररचना विभागात त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली होती. त्रुटी दाखवल्याशिवाय एकही अर्ज टेबलावरून पुढे जाऊ द्यायचा नाही, या बाण्यामुळे त्यांचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवेनासं झालं होतं. (घरी 'अहो'च्या पलीकडे नावाची गरजच पडत नव्हती.) आराखड्यावरची हरकत तीन प्रतींत हवी, जागा लाल पेन्सिलीने दाखवलेली हवी आणि निर्णयाचं कारण सविस्तर नोंदवलेलं हवं, हे परिपत्रक त्यांनीच लिहिलेलं होतं.

आराखडा जिन्याखाली लावला होता. लोकांनी बघावा म्हणून लावला होता आणि कुणाला दिसू नये अशा बेताने लावला होता. (ही जागाही साहेबांनीच एके काळी सुचवलेली.) बॅटरी आणि भिंग घेऊन ते जिन्याखाली वाकले. तासाभरात अकरा चुका सापडल्या आणि तब्येत खूश झाली. बारावी सापडली तेव्हा डोकं जिन्याला आपटलं.

रस्ता क्रमांक चौदा, प्रस्तावित, रुंदी बारा मीटर. नगरपालिकेच्या मागच्या फाटकातून निघून, लाकडाच्या वखारीमागून डावीकडे वळून, साहेबांच्या गल्लीतली तेरा घरं कापत तो चौदाव्या घरात शिरत होता. चौदावं घर साहेबांचं. आणि पुढे तो कुठेच जात नव्हता. सगळा बारा मीटरचा रस्ता त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी येऊन थांबत होता.

नकाशाची झेरॉक्स घेऊन ते घरी आले.

"अगं, आपल्या स्वयंपाकघरात रस्ता येतोय."

"येऊ दे. पाय पुसून ये म्हणावं."

"बारा मीटर रुंदीचा!"

मग मात्र बायकोने गॅस बंद केला. ओट्यासमोरच्या खिडकीसाठी ती सात वर्षं साहेबांच्या मागे लागली होती. (खिडकीच्या अर्जातही त्यांनी दोन त्रुटी काढल्या होत्या.) फळी तिच्या हाताच्या उंचीला, उजेड तिच्या डाव्या बाजूने, अख्ख्या घरात तिच्या मनासारखी झालेली तेवढी एकच जागा.

"मी इथून हलायची नाही," ती म्हणाली. "रस्त्याला सांगा, वळून जा."

तिने झेरॉक्स हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि "हं" म्हणाली. त्या 'हं'चा अर्थ विचारण्याइतकी साहेबांना उसंत नव्हती. ते पेन्सिलीला टोक करत होते.

संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात गल्लीची सभा भरली. इस्त्रीच्या टेबलाला टेकून साहेब कडाडले, "रस्ता कुठून तरी कुठे तरी जातो. हा माझ्या ओट्याशी येतो. याचा अर्थ काय? यात कुणाचा तरी हात आहे! ज्या गाढवाने ही रेघ ओढली, त्याला भर सुनावणीत उभं करीन. त्याची नोंद कागदावर झाल्याशिवाय खाली बसणार नाही!"

टाळ्या पडल्या. शिंप्याने विचारलं, "साहेब, नुसतं 'आम्हाला हा रस्ता नको' एवढं लिहिलं तर?"

"फेटाळतील. मीच फेटाळलं असतं."

पुढचे पंधरा दिवस गल्लीने दुसरं काही केलं नाही. समास दोन बोटं, सही निळ्या शाईत, प्रती तीन. शिंप्याचा अर्ज साहेबांनी चार वेळा परत केला. पाचव्यांदा तो म्हणाला, "साहेब, दुकान पाडू द्या एक वेळ, पण आता लिहायला लावू नका." गल्ली रस्त्यापेक्षा साहेबांनाच जास्त घाबरू लागली.

बायकोने आपली हरकत कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिली: 'हा रस्ता खोटा आहे. मला माहीत आहे. तोंडी सांगेन.'

"एकच प्रत! तीही पाठकोरी!" साहेबांचा आवाज चिरकला. "हे कुणी आत तरी घेईल का?"

"घेतलं की. सकाळीच देऊन आले."

सुनावणीच्या दिवशी सगळी गल्ली सभागृहात हजर. समोर नगररचनाकार बाई. वयाने साहेबांच्या मुलीएवढ्या आणि अत्यंत शांत. (शांत अधिकाऱ्यांचं साहेबांना नेहमी भय वाटे.)

"बसा ना, काका."

"बसणार नाही! ही रेघ आली कुठून ते आधी सांगा!"

"जुन्या नकाशावरून. गेल्या वर्षी ते सगळे स्कॅन केले. प्रस्तावित रस्ते लाल रेघेने दाखवायचे अशी पद्धत होती, म्हणून जी जी लाल रेघ दिसली ती कम्प्युटरने रस्ता म्हणून घेतली."

"मग मूळ नकाशा आणा! रेघ ओढणाऱ्याची नोंद झालीच पाहिजे. कारणासह, सविस्तर! तसं परिपत्रक आहे!"

"वाचलंय मी ते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रेकॉर्डकीपरला खूण केली.

रेकॉर्डकीपर धुळीने माखलेली गुंडाळी घेऊन आला. ती टेबलावर पसरली; चार कोपऱ्यांवर दोन पंचिंग मशीन आणि दोन पाण्याचे ग्लास ठेवले. बाई वाकल्या. "रेघेशेजारी काहीतरी लिहिलंय. 'येथून डावीकडे. कोणासही विचारू नये. सरळ घर.' कुणाचं अक्षर आहे हे?"

रेकॉर्डकीपरने चष्मा लावायचीही तसदी घेतली नाही. "बाई, हे अक्षर मी झोपेतसुद्धा ओळखीन. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या रजेचा अर्ज या अक्षरात दोनदा परत आला होता."

एकतीस वर्षांपूर्वीची एक दुपार साहेबांना लख्ख आठवली. डबा घरी विसरला होता. नवी नवरी तो घेऊन ऑफिसात आली होती, मोठ्या रस्त्याने, दमून. तिच्यावर छाप पाडावी म्हणून (ऑफिसात दुसरं दाखवण्यासारखं होतं काय?) साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर लाल पेन्सिलीने झर्रकन घरी जायचा जवळचा रस्ता काढून दिला होता. थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

"साहेब," मागून शिंपी हळूच म्हणाला, "गाढव कोण म्हणाला होतात?"

दुसरा एखादा खाली बसला असता. साहेब बसले नाहीत.

"रेघ माझी आहे," ते म्हणाले, "आणि रेघेत त्रुटी नाही! याहून जवळचा रस्ता या शहरात नाही!"

"म्हणजे हा रस्ता योग्य आहे असं नोंदवू?" बाईंनी पेन उचललं.

"अर्थात!... म्हणजे... नाही. रस्ता योग्य आहे, पण तो नको."

"काका, रस्ता योग्य असेल तर वगळण्याचं कारण काय लिहू? तुमच्या परिपत्रकाप्रमाणे कारण लागतं. रेघ चुकली एवढं म्हणा, मी आत्ता खोडते."

एका बाजूला चौदा घरं आणि ओटा, दुसऱ्या बाजूला चौतीस वर्षांचा बाणा. साहेबांचे ओठ हलले. 'चुकली' हा शब्द दुसऱ्याच्या कागदावर त्यांनी हजारदा लिहिला होता. स्वतःच्या तोंडून तो निघायला मागेना.

"माझी हरकत काढा," बायको उठली. "पाठकोरी आहे ती."

बाईंनी कॅलेंडरचं पान काढलं. "बोला, काकू."

"त्या दिवशी मी रिकामा डबा घेऊन याच रस्त्याने गेले. वखारीमागे डावीकडे वळले तर समोर भिंत. भिंतीला वळसा घातला तर एका गृहस्थांच्या न्हाणीघराच्या दाराशी निघाले. ते आतच होते. तिथून पळाले ती गुरांच्या कोंडवाड्यात. 'कोणासही विचारू नये' असं सांगितलेलं, म्हणून विचारलं नाही. दुपारची निघाले ती दिवे लागल्यावर घरी पोचले."

"तू मला कधी बोलली नाहीस!" साहेब ओरडले.

"नवीन होते. तुम्ही किती हौसेने रेघ ओढली होती. आणि पुढे सांगून काय उपयोग? तुम्ही दुसरा नकाशा काढला असता." मग ती बाईंकडे वळली. "हा रस्ता नाहीच. पण असता तरी मी स्वयंपाकघर दिलं नसतं. पोलीस आणा नाहीतर बुलडोझर आणा, मी ओट्याला धरून उभी राहीन. हेही लिहा."

आता गल्लीला कंठ फुटला. "आम्ही पण!" शिंपी ओरडला, आणि तीन प्रतींची सगळी शिस्त मोडून चौदा घरं एकदम बोलायला लागली.

बाईंनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि सावकाश, सविस्तर, प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं: "रस्ता क्रमांक चौदा वगळण्यात येत आहे. कारण, हा रस्ता प्रत्यक्ष चालून पाहिलेल्या एकमेव व्यक्तीच्या साक्षीनुसार तो कोठेही जात नाही. रेघ ओढणारे, सेवानिवृत्त कारकून, सुनावणीस जातीने उपस्थित होते. उभे होते."

टाळ्यांच्या कडकडाटात साहेबांनी छत्री उचलली. "चला सगळे मागच्या फाटकाने. रस्ता आहे की नाही, मी दाखवतो!"

गल्ली बायकोला घेऊन पुढच्या फाटकाने, मोठ्या रस्त्याने निघाली. पंधरा मिनिटांत सगळे घरी पोचले.

साहेब आले तेव्हा दिवे लागले होते. ते उलट्या बाजूने आले. एका पायात चप्पल नव्हती आणि पायजम्याला गुडघ्यापर्यंत शेण होतं. बायको ओट्याशी उभी होती, खिडकी सताड उघडी. तिने पायपुसणं पुढे सरकवलं.

पाय पुसता पुसता साहेबांनी मान ताठ केली.

"रस्ता बरोबर आहे," ते म्हणाले. "घर चुकीच्या जागी बांधलंय."

"असं?" पातेल्यावर झाकण ठेवत ती म्हणाली. "तीन प्रतींत लिहून द्या. आणि डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडा."