वाटा क्रमांक दोन: बाबा

अमेरिकन फुटबॉलमधला अन्याय आपण दूर करू शकतो, याबद्दल दादाराव तायड्यांच्या मनात तीळमात्र शंका नव्हती.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बाकी सगळ्याच बाबतीत त्यांच्या मनात शंका असे. खामगावच्या कॉलेजात ते एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. संध्याकाळी कुलूप लावून निघाले की फाटकापर्यंत जायचे, परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी पत्नी कांताबाईंना घेऊन मेलबर्नला, क्लेटनमध्ये राहणाऱ्या मुलाकडे वर्षभरासाठी आले. तिथे कुलपाची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती, तर बसमध्ये चढताना कार्ड नीट लागलं की नाही, या काळजीने ते उतरेपर्यंत दरवाजापाशीच उभे राहायचे.

हा फुटबॉल त्यांनी मुलासाठी पत्करला होता. विराज डँडेनॉन्गला एका गोदामात सुपरवायझर होता. शनिवारी शिफ्ट करायचा, त्यामुळे सोमवारी घरी. अमेरिकेतला रविवारचा सामना इथे सोमवारी सकाळी चहाच्या वेळी लागतो. मुलाशी काय बोलावं हे दादारावांना कधी सुचलं नव्हतं, म्हणून ते त्याच्या शेजारी बसून सामना बघू लागले. तीन महिने त्यांना एवढंच कळलं की हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि मग सगळे उठून चर्चा करतात. पण जानेवारीतल्या एका सोमवारी सामना बरोबरीत अडकला, जादा वेळ आला, आणि ग्रंथपाल जागा झाला.

"म्हणजे आता नाणं उडवणार?" त्यांनी विचारलं.

"हो. टॉस जिंकला की बॉल आधी घ्यायचा का नंतर, ते ठरवायचं. पूर्वी तर ज्याला बॉल आधी मिळाला त्याने टचडाउन केला की खेळ खल्लास. दुसऱ्याला हातसुद्धा लावायला मिळायचा नाही. आता दोघांना एकेक चान्स असतो. पण त्यानंतरही टाय राहिला, तर बॉल पुन्हा पहिल्याकडेच, आणि मग जो आधी स्कोअर करेल तो जिंकला."

"मग अन्याय तसाच राहिला. नुसता पुढे ढकलला."

विराजने पहिल्यांदाच टीव्हीवरची नजर काढून बापाकडे बघितलं. त्या एका नजरेवर दादाराव आठवडाभर जगले.

आठवड्यात त्यांनी नवा नियम तयार केला. नाणं नको. लहानपणी ते आणि त्यांचा भाऊ एकाच भाकरीचे दोन वाटे करायचे तसं करायचं: एकाने मोडायची, दुसऱ्याने उचलायची. मैदानावर कुठून खेळ सुरू व्हायचा ते एका संघाने सांगायचं आणि चेंडू कोणी घ्यायचा ते दुसऱ्याने ठरवायचं. पहिल्याने फार सोपी जागा सांगितली तर दुसरा चेंडू स्वतः घेईल. फार अवघड सांगितली तर त्याच्याच गळ्यात मारेल. म्हणजे पहिल्याला दोन्ही बाजू सारख्या होतील अशीच जागा सांगावी लागणार. ओव्या रचाव्यात तशी त्यांनी वहीत अकरा कलमं रचली. अमेरिकेला पाठवायचं पत्रही तयार होतं. फक्त सुरुवातीला 'डिअर सर' लिहावं की 'रिस्पेक्टेड सर', यावर ते अडलं होतं.

इतक्यात घरातच बरोबरी झाली.

धाकटी मुलगी ऐश्वर्या सिडनीत, ब्लॅकटाउनला. तिला एप्रिलमध्ये बाळ होणार होतं. आणि विराजची बायको दीप्ती हिची बाळंतपणाची रजा एप्रिलमध्येच संपत होती. त्यांची ओवी आठ महिन्यांची, चाइल्डकेअरला जागा मिळणार ती थेट जुलैत. एप्रिल ते जुलै कांताबाई दोघांनाही हव्या होत्या, आणि महिने वाटून भागण्यासारखं नव्हतं.

सोमवारी दुपारी कांताबाई ओवीला प्रॅममध्ये घालून फिरायला गेल्या. विराजने बहिणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दीप्ती ओट्यापाशी ओवीच्या बाटल्या धूत होती.

"टॉस करू या," विराज म्हणाला.

"तू तिकडे नाणं उडवणार आणि इकडे मला सांगणार, सॉरी, हरलीस. मी काय वेडी आहे?"

"नाणं नको," दादाराव म्हणाले. एवढ्या ठाम आवाजात ते शेवटचं कधी बोलले होते, हे त्यांनाही आठवेना. त्यांनी वही आणली आणि कलमं वाचून दाखवली. फुटबॉलसाठी केली आहेत, हेही सांगितलं.

मग ऐश्वर्या म्हणाली, "बाबा, हे खरंच फेअर आहे."

"जिनियस आहे," विराज म्हणाला. "मी वाटे करतो, तू पिक कर. बाबा अंपायर."

दादारावांना कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. अंपायर म्हणून ते खुर्चीत ताठ बसले.

"वाटा नंबर एक," विराज म्हणाला, "आई. वाटा नंबर दोन, बाबा."

चेंडू म्हणजे आपण दोघं मिळून, असं दादारावांनी धरलं होतं. जो चेंडू घेईल त्याच्याकडे आपण दोघं जाऊ, हे इतकं उघड होतं की ते बाराव्या कलमात घालायचं त्यांना सुचलंच नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत ते कांताबाईंपासून फार तर सलग चार दिवस लांब राहिले होते. तेही एकदा नागपूरला ग्रंथालयशास्त्राच्या शिबिराला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना ताप आला होता.

"आई," ऐश्वर्या एका श्वासात म्हणाली. "हे काय वाटे झाले? असे तर कोणीही आईच घेईल. नो ऑफेन्स, बाबा."

"नाही नाही," दादाराव म्हणाले.

"मग बाबांच्या वाट्यात काहीतरी टाकतो," विराज म्हणाला. "बाबा आणि प्रॅम. नवीन आहे."

"प्रॅम आहे माझ्याकडे."

"बाबा, प्रॅम आणि पाळणा."

"नको."

"कारसीट. स्टरिलायझर. ओवीचे सगळे लहान झालेले कपडे. बाबा, आता झालं का समान?"

बाबा या शब्दानंतर नुसता स्वल्पविराम आला, तेव्हा विराज आपल्याला विचारतोय हे दादारावांना उशिरा कळलं. तोवर यादीतलंच नाव वाचतो आहे असं त्यांना वाटलं होतं. आता बोलायला हवं होतं. मला वेगळं राहायचं नाही, एवढंच. पण ऐश्वर्याला डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं, विराजकडे ओवीला सांभाळायला कोणी नाही, आणि आपण सत्तरीला आलेलो. बायको हवी, हे पोरांसमोर कसं म्हणायचं? त्यांनी घसा खाकरला. अंपायरने निकालापुरतं बोलावं, असं आपणच चौथ्या कलमात लिहिल्याचं त्यांना आठवलं.

"नाही," ते म्हणाले. "अजून कमी आहे."

"अजून? बरं. माझी दोन आठवड्यांची रजा. मी स्वतः येऊन राहीन तुझ्याकडे. ओके?"

"दोन आठवड्यांनी काय होतंय, दादा."

"तीन. आणि दीप्तीची आई. पुण्याहून महिनाभर बोलावून घेऊ."

ओट्यावरचा नळ बंद झाला. "माझ्या आईला तुझ्या बाबांवर फ्री देतोयस?" दीप्ती म्हणाली. "आणि तीन आठवडे रजा कुठून आली? मला तर म्हणालास, मॅनेजर एक दिवस सोडत नाही."

"ते वेगळं, दीप्ती. ते... निगोशिएशन चाललंय."

"थांब, थांब," फोनमधून ऐश्वर्या म्हणाली. आता तिचा आवाज मऊ झाला होता. "बाबा, पाळणा, दादाची रजा आणि दीप्तीवहिनीची आई. म्हणजे एका वेळी तीन माणसं. मला जरा विचार करू दे."

तिने हा वाटा घेतला तर दादाराव ब्लॅकटाउनला आणि कांता क्लेटनला. नाही घेतला तर ते क्लेटनला आणि कांता ब्लॅकटाउनला. नियम इतका चोख होता की निसटायला कुठे फट राहिली नव्हती.

"बाबा, लास्ट टाइम विचारतो," विराज म्हणाला. "आईच्या बरोबरीला आलं का आता?"

खोटं बोलून चाललं नसतं. दादारावांनी मनातल्या मनात एका पारड्यात स्वतःला ठेवलं. पाळणा ठेवला, मुलगा ठेवला, विहीणबाईंना बसवलं. दुसऱ्या पारड्यात कांता होती. तिचं पारडं जमिनीवरून हललंही नव्हतं.

"नाही रे," ते म्हणाले. "खूप कमी पडतंय. अजून काय काय घालशील? नाही व्हायची तिच्याएवढी बरोबरी."

"काय कमी पडतंय?" मागून आवाज आला.

प्रॅमच्या दांड्यावर हात ठेवून कांताबाई दारात उभ्या होत्या. ओवी झोपली होती. विराज फोनकडे बघू लागला, जणू तो त्याचा नव्हताच.

शेवटी दादारावच उठले. सरळ सांगणं जमत नसल्यामुळे त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. अमेरिकेत एक खेळ असतो, त्यात बरोबरी होते, मग नाणं उडवतात. शंभर यार्डांचं मैदान, भाकरी, अकरा कलमं, वाटा एक, वाटा दोन. कांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सँडल काढता काढता एकच प्रश्न विचारला.

"आणि तुम्हाला काय पाहिजे?"

"मला," दादाराव म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले, "मला तुझ्याबरोबर यायचंय. तू जाशील तिकडे."

"मग एवढं सांगायला अमेरिकेत कशाला गेलात?"

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा," ऐश्वर्या म्हणाली, "तुम्ही दोघंही या ना इकडे. मी कुठे नाही म्हणाले?"

"मला चालेल," विराज म्हणाला. इतक्या पटकन की बाकी सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे, बाबांचं मन मोडायला नको म्हणून. पण मग ओवीचं काय? माझ्या वाट्याला काय राहिलं?"

"तीन आठवडे रजा," दीप्ती म्हणाली. "निघालीच आहे, तर ओवीसाठी घे. आणि आईला मी बोलावते. तू नाही."

"बाबा, हे फेअर नाहीये."

"नाही," दादाराव म्हणाले. तसं म्हणताना त्यांना लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण हसू आवरेना, म्हणून ते आतल्या खोलीत गेले आणि एप्रिलला अडीच महिने असताना बॅग काढून तिची चेन चालते का ते बघू लागले.

कांताबाई मागोमाग आल्या, पलंगावर बसल्या.

"मी तेवढ्यात आले नसते, तर बोलला असता का हो तुम्ही?"

"बोललो असतो. शब्द जुळवत होतो."

"मी ब्लॅकटाउनला गेल्यावर?"

"फोन केला असता."

"कधी?"

दादारावांनी प्रामाणिकपणे विचार केला. एप्रिल धरला, मे धरला.

"जूनपर्यंत," ते म्हणाले, "नक्की."