पाच आवक, जावक शून्य

आमच्या शेजारचे दिगूकाका फणसे रोज सकाळी साडेदहाला, पूजाबिजा आटोपून, इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचून टेबलाशी बसतात आणि जपानला पत्र लिहितात. पत्र म्हणजे टपालाचं नव्हे. काका टॅब्लेटवर एक जपानी कार्टून मालिका बघतात. तिच्या प्रत्येक भागाखाली जगभरची पोरं आपापली मतं टाकतात, तिथे काकांचंही मत जातं. नमुना देते :

"महोदय, आपला भाग क्रमांक सात पोचला. नायकाने अद्याप निर्णय कळविलेला नाही, ही बाब खेदाने निदर्शनास आणीत आहे. तरी सत्वर लक्ष घालावे. कळावे. आपला विश्वासू, दि. वि. फणसे, निजामपुरा, बडोदे."

वर-खाली नुसती बदामं, रडके चेहरे आणि "हा हा हा", आणि मधोमध हे. हळदीच्या नाचात एखाद्याने कोट-टाय घालून यावं, तसं ते दिसतं.

काकांचं वय चौऱ्याहत्तर. लग्न केलेलं नाही. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ते सदतीस वर्षं आवक-जावक कारकून होते. आलेल्या प्रत्येक पत्राला आवक क्रमांक द्यायचा आणि त्याचं उत्तर गेलं की जावक क्रमांक, एवढंच काम. कारखाना बॉयलरचे सुटे भाग बनवायचा. पण काकांचं ऐकाल तर मुख्य उत्पादन पत्रव्यवहार होता, सुटे भाग हा जोडधंदा. एकदा म्हणे जवळच्या गावातल्या एका माणसाचं पत्र आलं, की तुमच्या भोंग्यामुळे माझी म्हैस आटली. साहेब ते केराच्या टोपलीत टाकायला निघाले. काकांनी हात धरला. "साहेब, क्रमांक पडलाय." आणि उत्तर गेलं : "आपल्या म्हशीच्या प्रकृतीविषयी वाचून वाईट वाटले." आठ दिवसांनी तो माणूस तुपाचा डबा घेऊन गेटवर हजर! आजवर मला इतक्या जणांनी पत्रं लिहिली, पण म्हशीची चौकशी तुम्हीच केलीत, असं म्हणाला. डब्याचीही पोच गेली, हे सांगायला नकोच.

निवृत्त झाले तरी काम सुटलं नाही. मी शेजारधर्म म्हणून वाटीतून काही पाठवलं, तर वाटी धुऊन परत येते आणि आत चिठ्ठी असते : "अळूवडी पोचली. उत्तम. चिंच किंचित जास्त." मी शाळेत भूगोल शिकवते, तीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासतेय, पण माझ्या अळूवडीला कुणी शेरा मारलेला मला खपत नाही. पुढच्या वेळी मी मुद्दाम चिंच वाढवली. चिठ्ठी आली : "सूचनेचा विचार झालेला दिसत नाही."

आणि रोज साडेअकराला काका खाली टपालाची पेटी बघायला जातात. रविवारीसुद्धा, शनिवारचं काही राहिलेलं असू शकतं म्हणून. हल्ली लाइट बिलदेखील मोबाइलवर येतं, पेटीत फक्त पाल राहते. वॉचमन रमेशभाई खुर्चीतूनच ओरडतात, "काका, आजे कंई नथी!" काका "बरं" म्हणतात, तरी कुलूप काढतात, आत हात घालून चाचपतात, पुन्हा कुलूप लावतात. आम्ही सगळे यावर हसत आलो आहोत. मीही.

त्या मालिकेचं खूळ लागलं ते आमच्याच घरी. माझी मुलगी ऋचा सव्वीस वर्षांची, कंप्युटरमधली नोकरी, अर्धा आठवडा घरूनच काम करते आणि उरलेल्या वेळात ही कार्टूनं बघते. काका वाटी परत द्यायला आले आणि दारातच थबकले. टीव्हीवर कॉलेजातला एक बावळट मुलगा आणि त्याच्याभोवती पाच मुली.

"यातली याची कोण?" काकांनी विचारलं.

"तेच तर ठरायचंय ने, काका," ऋचा म्हणाली. "हॅरम कॉमेडी म्हणतात याला."

"हराम? नाव बरोबर ठेवलंय."

ऋचाने हराम नव्हे हॅरम, म्हणजे एकावर अनेकींचा जीव जडतो आणि तो कुणालाच हो-नाही म्हणत नाही, असा तो प्रकार असतो, हे समजावलं. काका दोन भाग संपेपर्यंत वाटी हातात धरून उभे होते. शेवटी म्हणाले, "पाच आवक. जावक शून्य. आणि असं किती दिवस चाललंय?"

त्या दिवसापासून ते मालिकेचे झाले. जपानी नावं त्यांच्या लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी मुलींना क्रमांक दिले. एक, घरमालकाची मुलगी. दोन, वर्गातली हुशार. तीन, तलवार चालवणारी. चौथी चंद्रावरून आलेली ("पत्ता अपूर्ण"). पाचवी लायब्ररीत बसणारी चष्मेवाली, अख्ख्या भागात दोन वाक्यं बोलणारी. नायक दर दहा मिनिटांनी अडखळून कुणाच्या तरी अंगावर पडायचा, त्यावर काकांचं मत : "याचे डोळे तपासा." सगळे समुद्रावर जातात तो एक भाग त्यांनी अर्ध्यात बंद केला आणि शेरा मारला, "मूळ विषयाशी संबंध नाही."

जगभरचे प्रेक्षक एकाच प्रश्नावर भांडत होते : पाचातली सगळ्यांत चांगली कोण? लाल केसांचा पक्ष, निळ्या केसांचा पक्ष, चंद्रवाल्यांचा तर वेगळाच कडवा पक्ष. एकमेकांच्या अकलेचा उद्धार चाललेला. कुणीतरी काकांनाही विचारलं, तुम्ही कुणाचे? काकांनी उत्तर दिलं, "हा प्रश्न आमच्या विभागाचा नाही. जावक कुठाय, एवढाच आमचा प्रश्न आहे."

इथे एक घोटाळा झाला. परदेशी पोरं काकांचं मराठी यंत्राकडून भाषांतर करून घेत. यंत्राला "जावक" काही झेपलं नाही, ते त्याने तसंच ठेवलं. पोरांचा समज झाला की जावक नावाची सहावी मुलगी आहे आणि बडोद्याचे हे आजोबा तिची वाट बघताहेत. झालं! महिन्याभरात जावकचा पक्ष निघाला. ब्राझीलच्या एका मुलाने तिचं चित्र काढून पाठवलं : टपोरे डोळे, हिरवे केस, हातात लिफाफा. काका ते चित्र बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ही बरी आहे." आणि पोच पाठवली.

हे चालू असताना आमच्या घरात एक वेगळीच मालिका चालू होती. ऋचाला बघायला नाशिकचं स्थळ आलं होतं. मुलगा सरळ, आईवडील सालस. त्यांनी आमच्याकडची सेव उसळ नाकातून पाणी गाळत, पण कौतुक करत खाल्ली. दोन दिवसांनी ऋचा म्हणाली, "आई, मुलगा चांगला आहे गं. पण मला नाही वाटत."

आता हे त्या माणसांना सांगायचं कसं? मुलाच्या आईने जाताना माझ्यासाठी घरचा चिवडा दिला होता. तिचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "हो हो, दोन दिवसांत कळवतो." त्याला तीन आठवडे झाले. ती माउली रोज सकाळी मला गुलाबाचं फूल आणि "सुप्रभात" पाठवत होती. चौकशी नाही, काही नाही, नुसतं फूल. मी ते बघायची आणि फोन उलटा ठेवायची. समजतील आपले आपण, असं स्वतःला सांगायची. काकांनी एकदोनदा विचारलं, "वैशाली, नाशिकची जावक?" मी म्हटलं, "काका, हे ऑफिस नाही."

मालिकेचा शेवटचा भाग रविवारी सकाळी लागला. काका आमच्याकडे बघायला आले, शर्ट खोचून. मी स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसले होते. शेवटच्या पाच मिनिटांत नायकाला कंठ फुटला, त्याने घरमालकाच्या मुलीचा हात धरला, आकाशात फटाके उडाले आणि नावं वर सरकू लागली.

"आणि बाकीच्या?" काका म्हणाले.

"संपलं, काका."

"संपलं कसं? चौघींना कळवलं कुठे त्याने? ती पाचवी अजून लायब्ररीतच बसलीय."

"त्यांना कळतंच ना, काका," ऋचा म्हणाली.

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. गुलाबाचं फूल. माझं डोकंच फिरलं. मी दारातून ताडकन म्हणाले, "कळवतो म्हणून कुणी कळवलं नाही, की त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो. शहाण्या माणसाला ते कळतं!"

"मला नव्हतं कळलं," काका म्हणाले.

आधी आम्हाला वाटलं, ते मालिकेबद्दलच बोलताहेत.

"इथल्याच नागरवाड्यात मुलगी बघायला गेलो होतो," ते टीव्हीकडे बघतच म्हणाले. "नोकरी नुकती पक्की झालेली. मला मुलगी पसंत होती. दुसऱ्याच दिवशी आमचं पसंतीचं पत्र गेलं, मी स्वतः टाकलं. तिचे वडील दारापर्यंत सोडायला आले होते. म्हणाले होते, दोन दिवसांत कळवतो."

"मग?" ऋचाने विचारलं.

"मग काय, पेंडिंग."

"पण दुसरी स्थळं आली असतील ने?"

"आली ना, पाच-सहा आली. पण एक प्रकरण उघडं असताना दुसरं कसं उघडणार? समजा मी तिकडे हो म्हटलं आणि इकडून पत्र आलं, तर कुणाला काय तोंड दाखवू? आईला म्हटलं, उत्तर येऊ दे. नाही तर नाही, पण येऊ दे."

"अहो, पण तुम्ही विचारायचं की!" मी म्हटलं.

"स्मरणपत्र? मुलीच्या घरी? ते दडपण आणल्यासारखं होतं." काकांनी चष्मा काढून पुसला. "आणि उत्तर आलं की. नऊ वर्षांनी. तिच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका, आमच्या दादाच्या नावावर."

त्यांनी हे अशा काही कारकुनी सुरात सांगितलं की ऋचाला फिसकन हसू आलं. मग तिचं तिलाच कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"तोवर मी छत्तीसचा झालो होतो," काका म्हणाले. "पुढे कुणी विचारलं नाही."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं या माणसाच्या चिठ्ठ्यांना मी हसले होते. मेथीचे हात तसेच पदराला पुसून मी फोन उचलला आणि गॅलरीत गेले. पहिल्याच रिंगला नाशिकच्या बाईंनी फोन घेतला, जणू हातातच धरून बसल्या होत्या. मी सांगायचं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं हो, सांगितलंत. वाईट वाटलं, पण बरं झालं. दुसऱ्या एकांचं विचारणं आलंय पंधरा दिवसांपूर्वी. पण आमचा म्हणतो, आधी बडोद्याचं कळू दे."

कठडा धरून मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

आत आले तेव्हा टीव्ही बंद होता. काका सोफ्याच्या कडेला बसले होते.

"कळवलं," मी म्हटलं.

"शब्द काय वापरलेस?"

"म्हटलं, तुमचा मुलगा चांगला आहे, त्याच्यात काही कमी नाही. पण आमच्या मुलीचं मन नाही. तुम्ही थांबू नका."

काकांनी मान थोडी पुढे केली, ऐकू कमी आल्यासारखी.

"शेवटचं काय?"

"तुम्ही थांबू नका."

ऋचाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग काका अगदी हळू, रमेशभाईंना रोज म्हणतात तसं म्हणाले, "बरं."

घड्याळात पावणेबारा झाले होते, पेटी बघायची वेळ टळून गेली होती. ऋचाने विचारलं, "काका, चहा टाकू?"

"टाक," काका म्हणाले, आणि बसून राहिले.