शामण्णांचा खिळा

शामण्णांच्या घरी गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्याला आधी गुलाबाचं फूल मिळतं, मग पन्हं मिळतं, मग पाहुण्यांची खोली दाखवली जाते, आणि हे सगळं यथासांग पार पडल्यावर सिलिंडर उतरवायची परवानगी मिळते. विजेचं मीटर बघायला येणाऱ्याचंही हेच. तो पूर्वी महिन्यातून एकदा यायचा, हल्ली चारदा येतो. आमच्या गल्लीची पार्सलं कुणी न्यायची यावरून कुरिअरवाल्यांत हाणामारी होते असं मी ऐकून आहे. मागच्या वर्षी एक गृहस्थ पत्ता चुकून फाटकातून आत आले. ते जेवले, दुपारी झोपले, संध्याकाळची कॉफी घेतली आणि फणसाच्या गऱ्यांचा डबा घेऊन गेले. त्यांना नेमकं कुठं जायचं होतं, हे त्यांनाही शेवटपर्यंत आठवलं नाही. ते अजून दर युगादीला फोन करतात.

या सगळ्याचं मूळ एका छापील अर्जातल्या सातव्या नियमात आहे.

शामण्णा म्हणजे शामराव. बंगळुरात बसवनगुडीच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर आहे, आणि मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलं. कुणाबरोबर आलं असं विचारलं तर शामण्णा घोड्याचा रंगसुद्धा सांगतात. त्यांचं मराठी त्या घोड्यावरून उतरलं आणि कन्नडच्या अंगणात राहायला गेलं, ते आजतागायत तिथंच आहे. नोकरी त्यांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केली. तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. हातात मोजपट्टी घेऊन नट, बोल्ट, वॉशर पास करायचे किंवा नापास करायचे. ती मोजपट्टी त्यांच्या हातातून सुटली, डोक्यातून नाही. इंदक्कांची इडली ते बोटाच्या चिमटीत धरून म्हणतात, "आज टॉलरन्समध्ये आहे." पावसाळा उशिरा आला की म्हणतात, "लॉट रिजेक्ट."

इंदक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या अनेकदा रिजेक्ट झाल्या, पण माल परत न्यायला कुणी आलं नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

निवृत्तीनंतर शामण्णांनी खालची पुढची खोली पाहुण्यांसाठी काढली. होमस्टे. एकच खोली, पण तिची तयारी अशी की राजवाड्याने येऊन शिकून जावं. आणि मग त्यांच्या हाती विभागीय पर्यटन पुरस्काराचा अर्ज पडला. त्यात दोन गट होते, 'स्थानिक आकर्षण' आणि 'उत्कृष्ट निवास'. पहिल्या वर्षी त्यांनी हात राखून अंगणातला फणस 'स्थानिक आकर्षण'मध्ये पाठवला. या झाडाबद्दल मी जास्त सांगत नाही, कारण लोकांना खोटं वाटतं. फक्त एवढंच, की एप्रिल महिन्यात रिक्षावाले त्याच्याखालून जाताना हेल्मेट घालतात. अर्ज परत आला. शेरा होता, 'वाहनतळाची सोय नमूद नाही.'

दुसऱ्या वर्षापासून शामण्णा 'उत्कृष्ट निवास'कडे वळले, आणि तिथं तो सातवा नियम होता. 'परीक्षक पूर्वसूचना न देता, सामान्य माणसासारखे येतील. मागतील तेव्हा त्यांना खोली मिळाली पाहिजे. न मिळाल्यास अर्ज बाद समजला जाईल.'

"सामान्य माणसासारखे," शामण्णांनी बोट ठेवून मला वाचून दाखवलं होतं. "बघ की. आता सामान्य कोण नाही, सांग."

मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा मलाही गुलाब मिळाला. मला वाटलं, बंगळुरात भाडेकरूला असंच वागवतात. मी पुण्याचा. घरमालकाने बसायला खुर्ची दिली तरी मला संशय येतो. पण तीन दिवस सकाळी डोसा, कोसंबरी, वर भरलेला पेला कॉफी, असं आलं तेव्हा मी पुण्याला आईला फोन करून सांगितलं की मी आता परत येत नाही. चौथ्या दिवशी शामण्णांनी हळूच विचारलं, "मग, रिपोर्ट कधी?"

"कसला रिपोर्ट?"

"सरी, सरी. बरं, सांगू नका. नियम आहे."

"अण्णा, मी इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये आहे."

त्यांचा चेहरा नापास वॉशरसारखा झाला. दुसऱ्या दिवसापासून कॉफी अर्धा पेला यायला लागली आणि मी 'तुम्ही'चा 'तू' झालो. नाव मात्र त्यांनी माझं कधी विचारलं नाही. मी 'पुणेकर'.

मी एकदा त्यांना म्हटलं, "अण्णा, प्रत्येकाला गुलाब देत बसण्यापेक्षा खरा परीक्षक ओळखायची काही खूण नाही का?"

"आहे की." ते पुढे सरकले. "मी स्वतः तीस वर्षं इन्स्पेक्शन केलो. खरा इन्स्पेक्टर वस्तू वरून बघत नाही. वरून सगळेच चकचकीत करतात. तो उलटी करून बुड बघतो. न कळत बघतो रे, सवय असते हाताला. मी लग्नाआधी इंदूला बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी संपवून उलटी केलो. सासरे घाबरले."

"आणि बशी?"

"बशी पास."

"मी अजून पेंडिंग आहे," स्वयंपाकघरातून इंदक्का म्हणाल्या.

आता खिळ्याबद्दल. पुढच्या दाराच्या उजव्या हाताला, भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर एक पितळी खिळा आहे. पुरस्काराची पाटी लावण्यासाठी शामण्णांनी पहिल्याच अर्जाच्या दिवशी तो ठोकला. लेव्हल लावून, दोरा सोडून, अर्धा दिवस खपून. पाच वर्षं तो रिकामा होता. त्याला काहीही लावायचं नाही, असा कायदा होता. कॅलेंडर नाही, छत्री नाही, पूजेचा हार नाही. मी नवखा असताना त्यावर हेल्मेट अडकवलं, तर शामण्णा माझ्याशी आठवडाभर फक्त कन्नडमध्ये बोलले.

"राहू दे रिकामा," इंदक्का म्हणायच्या. "यांचाच फोटो लावायला होईल."

एकदाच, खिळा पुसताना, शामण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर शिक्का मारलो, पुणेकर. पास, नापास. माझ्यावर कुणी मारला नाही. एकदा कुणी पास म्हणून बघू दे की." मग लगेच, "पितळेला चिंच चांगली," असं म्हणून आत गेले.

यंदा पत्र आलं. त्यांचा अर्ज अंतिम तिघांत होता आणि महिन्याभरात परीक्षक येणार होते. शामण्णांनी ते पत्र गल्लीतल्या प्रत्येक घरी वाचून दाखवलं, दोन घरी तर दुसऱ्यांदा. फाटकाला रंग झाला. फणसाच्या पानांवरची धूळ पुसली गेली. मी मोजली नाहीत, पण सगळ्या पानांवरची.

आणि त्याच आठवड्यात बिरादार मास्तर आले.

उदगीरचे निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, हृदयाचं ऑपरेशन जवळच्या हॉस्पिटलात व्हायचं होतं, म्हणून दोन दिवसांसाठी खोली घेतली. दोन दिवसांचे चार झाले, चाराचे दहा. एकदा काकूंची साखर वाढली, एकदा डॉक्टरांची तारीख हुकली. खोली एकच. आणि मास्तरांनी त्या खोलीचं जे केलं ते बघायला शामण्णा रोज सकाळी दारात उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. खिडकीच्या गजांना ओले पंचे. पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वहीवर औषधांच्या बाटल्या. टेबलावर गुलाबाच्या जागी थर्मामीटर. आणि मास्तर पहाटे उठून कोपऱ्यात शेगडीवर ज्वारीची पेज करायचे, तिचा धूर मी वरच्या मजल्यावर झोपेत खात होतो.

"पूर्ण लॉट," शामण्णा पुटपुटायचे. "पूर्ण लॉट रिजेक्ट."

शेवटी एका शुक्रवारी त्यांनी इंदक्कांना सांगितलं, "सोमवारी मास्तरांना सांगतो. हॉस्पिटलसमोर लॉज आहे. चांगला आहे. मी बघून आलो."

"बुड बघून आलात?" इंदक्कांनी विचारलं.

शामण्णा खिळा पुसायला उठले. त्याच दिवशी काकूंना हॉस्पिटलातून खोलीवर सोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण जिने चढायला मनाई होती, आणि त्या लॉजला लिफ्ट नव्हती. ते शामण्णा बघून आले होते. मला नंतर कळलं.

परीक्षक रविवारी आला.

मी कट्ट्यावर बसून पेपर वाचत होतो. इंदक्का देवळात गेल्या होत्या. फाटकातून एक मध्यम वयाचा माणूस आला, खांद्याला छोटी बॅग, अंगावर असा शर्ट की पाठ वळताच विसरावा. एका रात्रीसाठी खोली मिळेल का, असं त्याने कन्नडमध्ये विचारलं. शामण्णांनी रिवाजाप्रमाणे त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो घटाघट प्यायला, शामण्णांशी उन्हाबद्दल बोलत राहिला, आणि बोलता बोलता त्याने रिकामा तांब्या उलटा केला. बुडावरून अंगठा फिरवला. तांब्या परत दिला.

मी शामण्णांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत चारशे गुलाब वाटलेला माणूस, त्याचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि मास्तर बाहेर डोकावले. "अण्णा, तांब्याभर गरम पाणी मिळतंय का? आत्ताच डोळा लागलाय तिचा, जरा हळूच."

शामण्णा उभेच राहिले. मला वाटतं, तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावरची ट्रॅफिकसुद्धा मोकळी झाली असती. मग ते त्या माणसाला म्हणाले, "रूम इल्ला. भरलेली आहे."

"कधी खाली होईल?"

"डॉक्टर सांगतील तेव्हा."

"एका रात्रीसाठी त्यांची दुसरीकडे सोय झाली तर? मी थांबतो हवं तर." तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. खरंच भला माणूस असावा. "आज खोली मिळाली तर बरं होईल. तुमच्या दृष्टीनंही."

"होणार नाही," शामण्णा म्हणाले. "समोरच्या गल्लीत दुसरं घर आहे. चांगलं आहे. त्यांचं बाथरूम आमच्यापेक्षा मोठं."

माणसाने खिशातून छोटी वही काढली, एक ओळ लिहिली, नमस्कार केला आणि गेला. तो कोपऱ्यावरून वळल्यावर माझ्या लक्षात आलं. चार वर्षांत त्या फाटकातून गुलाब न घेता बाहेर पडलेला तो पहिलाच माणूस.

"अण्णा," मी म्हटलं, "तो..."

"पाणी गरम करायचंय," शामण्णा म्हणाले आणि आत गेले.

सोमवारी त्यांनी मास्तरांना काही सांगितलं नाही. काकू आणखी तीन आठवडे राहिल्या. निघायच्या दिवशी मास्तर एक्स-रेचं भलंमोठं पाकीट पिशवीत कोंबायला लागले, तर शामण्णांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"वाकतंय की. वाकलं तर डॉक्टरला काय दिसणार? तीन महिन्यांनी चेकअपला येणार नं? राहू दे इथंच. ने-आण कशाला."

"पण ठेवाल कुठं?"

"ठेवतो. जागा आहे."

निकाल दोन महिन्यांनी आला. पाटी शहराबाहेरच्या कुठल्याशा तलावाकाठच्या रिसॉर्टला गेली. शामण्णांचं नाव अंतिम तिघांतूनही गाळलेलं होतं. इंदक्कांनी पत्र दोनदा वाचलं. या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही.

"अहो, कुणी बघायला तरी आलं होतं का? मी देवळात-बिवळात गेलेली असताना?"

"कुणी आलं नाही," शामण्णा म्हणाले. "बसल्या जागी निकाल लावतात. सगळं डिपार्टमेंट रिजेक्ट." आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही आलं कुणी," मी म्हटलं. "मी होतो ना कट्ट्यावर."

दुसऱ्या दिवशी मला कॉफी भरलेला पेला आली.

एक्स-रेचं ते पिवळं पाकीट दाराच्या उजव्या हाताला, पितळी खिळ्याला टांगलेलं होतं. वर काकूंचं नाव, आणि शामण्णांच्या टोकदार अक्षरात चेकअपची तारीख. मी ऑफिसला निघालो तेव्हा ते जरासं डावीकडे कललं होतं. शामण्णा दोन पावलं मागे सरकले, एक डोळा मिटून बघितलं, आणि पुढे होऊन ते सरळ केलं.