माळ्यावरची काथवट

तुकाआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे नाही, दाराकडे बघायचे. बोटाच्या पेरानं चौकटीवर टकटक करायची, कान लावायचा, डोळे मिटून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "जितं हाय," नाहीतर "मुकं हाय." मग राम राम. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला कुरकुंभला गेले होते. परत आल्यावर भावजयीनं विचारलं, "पोरगी कशी हाय?" आप्पा म्हणाले, "दार अस्सल सागाचं हाय. पन बिजागरी चुकीची बसवलीया." मुलगी बघायला दुसऱ्या माणसाला पाठवावं लागलं.

आमचं निम्मं दौंड तेव्हा रेल्वेत होतं. आप्पाही तिथंच सुतारकामावर. दिवसभर डब्यांच्या फळ्या ठोकायचे आणि घरी आले की मोडक्या लाकडाची तबकं करत बसायचे. गोल, काठाला वेलबुट्टी, मधे कमळ नाहीतर मोर. नवीन लाकडाला ते शिवत नसत. "नव्या लाकडाला काय बी म्हाईत नसतंय," म्हणायचे. पडक्या घराची तुळई, मोडलेल्या बैलगाडीचं साटं, भंगारात निघालेलं बाकडं, जे मिळेल ते परसात येऊन पडायचं. आळीत कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं की रुखवतात आप्पांचं तबक असणारच. कौतुक सगळ्यांना होतं, तरी आप्पा येताना दिसले की बायका पोळपाट आत नेऊन ठेवायच्या.

तबक कातायचं त्यांचं यंत्र दोरावर चालायचं. आडव्या दांड्याला लाकूड बसवायचं, दांड्याला दोर गुंडाळायचा, एकानं तो आळीपाळीनं दोन्हीकडून ओढायचा आणि दुसऱ्यानं पटाशी धरायची. एका ओढीला पटाशी टेकवायची, परतीच्या ओढीला उचलायची. ओढणारं माणूस चुकलं की लाकडाचा टवका उडालाच. दोर ओढायच्या त्यांच्या बायको, सखूमावशी. आणि ओढताना दोघं भांडायचे, तेही तालावर.

"त्याल संपलंय." ओढ.

"उद्या आनतो." परतीची ओढ.

"काल बी उद्याच व्हतं."

कामावरच्या लोकांनी सांगितलं, आप्पा, मोटार बसवून देतो, कशाला म्हातारीला राबवता? आप्पांनी साफ नकार दिला. "मोटार भांडत न्हाई. भांडान न्हाई तर माजा हात चालत न्हाई."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एकदा आप्पांच्या हाती एक फार चांगलं लाकूड लागलं. वाकसानं तासून त्यांनी त्याची जाड चकती केली, यंत्रावर चढवली, आणि मावशींनी नेहमीसारखा दोर ओढला. चार दिवसांत असं देखणं तबक झालं की मी शाळेत शिकवून घरी येताना पाहिलं तर तिथंच उभा राहिलो. काठाला द्राक्षांचा वेल होता. मावशींनी पदरानं भुसा पुसला आणि विचारलं, "लई ग्वाड झालंय. कशाचं हो ह्ये?"

"आपल्या माळ्यावर ती काथवट न्हवती का, तडकलेली? तिचं." आप्पा खुशीत होते.

भाकरीचं पीठ मळायची ती लाकडी काथवट मावशींच्या आईची होती, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मावशी एवढंच म्हणाल्या, "माज्याच हातानं दोर वढला की हो मी." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं त्या शिरूरला भावाकडे निघून गेल्या.

आप्पा आमच्याकडे आले. चौकटीला हातसुद्धा न लावता सरळ येऊन बसले, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे आम्ही ओळखलं. "तडकलेली व्हती. मला कुनी सांगितलं न्हाई," म्हणाले.

माझी आई सडेतोड. "सखू लहान व्हती तवाच तिची आई गेली. माहेरची तेवढीच एक वस्तू व्हती तिच्यापाशी. तुमी लोकांच्या चौकटींना इचारता आप्पा, बायकूला कवा इचारलंत?"

आप्पा उठून घरी गेले. पुढचे काही आठवडे परसातून टकटक नाही, की पटाशीचा आवाज नाही. एकदा मी मदत म्हणून दोर ओढून बघितला. दोन ओढींत आप्पांनी पटाशी खाली ठेवली. "गुरुजी, तुमी लई गप ऱ्हाता." थंडीचे दिवस होते, आणि त्यांना खोकला लागला होता. लाकूड तासताना निघालेल्या ढलप्यांवर रोज त्यांचा आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटायचा, तोही पेटताना दिसेना. बायको नाही म्हणून माणूस आळशी झाला, असं आळीनं ठरवून टाकलं.

मग एका रविवारी आप्पा म्हणाले, "शिरूरला येता का संगं? त्या घराच्या दारात एकट्याला उभं ऱ्हाया न्हाई जमायचं मला." काखेत पंच्यात गुंडाळलेलं तबक आणि खांद्यावर घट्ट बांधलेलं पोतं होतं. कंडक्टरनं पोत्यात काय आहे म्हणून विचारलं. "सासरवाडीचं हाय," आप्पा म्हणाले.

मावशींच्या भावाचा मळा घोड नदीच्या काठी होता. मावशी अंगणात झेंडूची फुलं निवडत बसल्या होत्या. आप्पांनी तबक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मान फिरवली. मग आप्पांनी पोत्याचं तोंड सोडलं. आत ढलप्या होत्या, आणि भुसा.

"काथवटीचं हाय ह्ये. तासलेलं, कातलेलं समदं. ह्यातली एक ढलपी बी जाळली न्हाई म्या. पुन्ना जोडता येतंय का बगत व्हतो." आप्पांनी दोन ढलप्या एकमेकींना लावून दाखवल्या. "न्हाई जोडता येत, सखू."

मावशींनी पोत्यात वाकून पाहिलं. "आन् आंगुळीचं पानी कशावर तापीवलं?"

"गारच घेतुया."

"ह्या थंडीत? म्हनून खोकताय व्हय?" त्या रागावून म्हणाल्या. मग त्यांनी मूठभर ढलप्या उचलल्या आणि नाकाशी धरल्या. "पिठाचा वास येतुया अजून," म्हणाल्या, आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मी उगाच झेंडूच्या वाफ्यांकडे बघत राहिलो.

संध्याकाळच्या एस.टी.नं आम्ही तिघं परतलो. मावशींच्या मांडीवर तबक, आप्पांच्या मांडीवर पोतं. मी मागच्या बाकावर होतो. बऱ्याच वेळानं आप्पांनी हळूच विचारलं, "नाव काय गं व्हतं त्यांचं? तुज्या आईचं?"

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. "ठकूबाई."

"ठकूबाई," आप्पा स्वतःशीच म्हणाले, आणि खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी पोतं सावरून धरलं.